रानफुलाचा दाखला

'नमुना' हा शब्द मी दोन तासांना दोन तऱ्हांनी शिकवते. उर्दूच्या तासाला तो फारसीतून आलेला, मासला या अर्थाचा. मराठीच्या तासाला तोच शब्द आला की मुलं हसतात, कारण घरी त्यांनी तो वेगळ्याच सुरात ऐकलेला असतो : "काय नमुना आहे हा!" शेतकऱ्याच्या घरातलं मूल असेल तर त्याला सात-बाराचा गाव नमुनाही ठाऊक असतो. म्हणजे एकाच शब्दात मासला आहे, सरकारी कागद आहे आणि टिंगलही आहे. 'दाखला' हा शब्दही तसाच. अरबीतल्या 'दाखिल'शी नातं सांगणारा हा शब्द मराठीत उदाहरणही होतो आणि शाळा सोडल्याचा कागदही.

हे दोन्ही शब्द यंदा माझ्या डोक्यात घोळत राहिले ते एका रानफुलामुळे.

मी वनस्पतिशास्त्राची नाही. बीएड केलेली, उर्दू आणि मराठी शिकवणारी भाषेची शिक्षिका आहे. आठवीच्या मुलांसाठी अरबी-फारसीतून युरोपात गेलेल्या शब्दांची यादी करत होते. अल्कोहोल, अलजेब्रा, सिरप, अॅडमिरल अशी नेहमीची मंडळी आली आणि त्यांच्या मागोमाग एक अनोळखी शब्द आला, टॅराक्सॅकम. हे एका फुलाचं शास्त्रीय नाव. इंग्रजीत त्याला डँडेलियन म्हणतात, हिंदीत दुधल. मोडलं की देठातून दूध येतं म्हणून दुधल.

आपल्याकडे सपाटीवर हे फूल सहसा दिसत नाही. हिमालयात, काश्मिरात दिसतं. तिथे त्याच्या पाल्याची भाजी करतात. पानं जमिनीला चिकटून पसरलेली, कडा करवतीसारख्या. मधून पोकळ दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला एकच पिवळंजर्द फूल. फूल सुकलं की त्याचा पांढरा, हलका गोळा होतो. आपली मुलं रुईची म्हातारी फुंकर मारून उडवतात, तशी युरोपातली मुलं हा गोळा फुंकतात. त्या करवती पानांमुळेच त्याला 'सिंहाचा दात' हे नाव पडलं. फ्रेंचमधलं तेच नाव इंग्रजीत जाऊन डँडेलियन झालं.

टॅराक्सॅकमची गोष्ट मात्र आपल्या बाजूने सुरू होते. इसवी सन ९०० च्या सुमारास इराणमधले वैद्य राझी यांनी 'तरख्शकूक' नावाच्या वनस्पतीबद्दल लिहिलं की ती कासनीसारखी असते. पुढे शंभर वर्षांनी इब्न सीना यांनी आपल्या वैद्यकाच्या ग्रंथात तिच्याबद्दल लिहिलं. बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडो शहरात क्रेमोनाचा जेरार्ड नावाचा भाषांतरकार अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेत होता. त्याने हा शब्द 'तरासाकोन' असा लिहिला. शब्दाचं मूळ फारसी, अर्थ कडू पाला असा सांगतात. म्हणजे फारसीतून अरबीत, अरबीतून लॅटिनमध्ये आणि लॅटिनमधून जगभरच्या शास्त्राच्या पुस्तकांत. यादी करताना मला इतकंच हवं होतं. पण पुढे वाचत गेले आणि कळलं की हे नाव नेमकं कोणत्या झाडाचं, यावरच शास्त्रज्ञांचा वाद झाला होता. रस्त्याच्या कडेला, अंगणात, भिंतीच्या फटीत उगवणारं फूल, ज्याला युरोपातलं शेंबडं पोरही ओळखतं, त्याच्याच नावाचा वाद!

हा वाद समजून घ्यायला मला माझ्या शाळेतलं जनरल रजिस्टर उपयोगी पडलं.

दर जूनमध्ये चार-दोन आया माझ्याकडे येतातच. "मॅडम, आधार पे नाम अलग आया, जन्म के दाखले पे अलग है. कौनसा सही मानना?" मूळ नाव उर्दूत एकच असतं. मराठीत लिहिताना कुणी जैनब लिहितं, कुणी झैनब, कुणी जेनब. लसीच्या कार्डावर नर्सने ऐकलं तसं, आधारवर मशीनसमोरच्या मुलाने टाइप केलं तसं. मुलगी एकच, कागद तीन, नावं तीन. अशा वेळी कोणतं नाव गोड वाटतं किंवा कोणतं व्याकरणाने बरोबर आहे, हे विचारून चालत नाही. कोणता कागद आधार धरायचा ते ठरवावं लागतं. तो एकदा ठरला की बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्यायचे.

वनस्पतींचंही असंच आहे. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली 'स्पेसीज प्लांटारम' या ग्रंथात सुमारे सहा हजार वनस्पतींना आडनाव-नाव अशी दोन शब्दांची नावं दिली. वनस्पतींच्या नावांचा हिशोब तिथून सुरू होतो. त्याआधीचं नाव धरायचं नाही, असा नियम आहे. लिनियसने प्रत्येक नावाखाली दोन ओळींचं वर्णन दिलं, जुन्या ग्रंथांतले उल्लेख दिले, चित्रांचे हवाले दिले. त्याच्याकडे वाळवून कागदावर लावलेल्या वनस्पतीही होत्या. पण 'माझं हे नाव या अमुक कागदावरच्या झाडाचं' असं त्याने कुठे म्हटलं नाही. त्या काळी तशी गरजच कुणाला वाटली नव्हती.

गरज पुढे वाटली. लिनियसने एकच समजून नाव दिलेली वनस्पती प्रत्यक्षात दोन-तीन वेगळ्या वनस्पती निघू लागल्या. मग जुनं नाव कुणाला द्यायचं? यावर उपाय निघाला तो प्रमाण नमुन्याचा. इंग्रजीत त्याला टाइप म्हणतात. प्रत्येक नाव एका विशिष्ट नमुन्याला बांधायचं. हा नमुना म्हणजे बहुधा वाळवलेली एक फांदी, कागदावर चिकटवलेली. कोपऱ्यात चिठ्ठी : कुठे मिळाली, केव्हा, कुणी तोडली. पुढे कितीही वाद होवो, नाव त्या कागदाबरोबर राहील. १९३० च्या केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ही पद्धत नियमांत आली आणि १ जानेवारी १९५८ पासून नवं नाव देताना नमुना सांगणं सक्तीचं झालं. त्याआधीच्या नावांसाठी मात्र नंतरच्या कुणीतरी बसून जुने कागद चाळायचे, लिनियसच्या हाताखालून गेलेल्यांपैकी एक निवडायचा आणि तसं छापून जाहीर करायचं. अशा मागाहून निवडलेल्या नमुन्याला लेक्टोटाइप म्हणतात. ज्याने आधी निवडलं त्याची निवड इतरांवर बंधनकारक, तिच्यात नियमाप्रमाणे दोष दाखवता आला तरच बदलायची.

हे काम किती मोठं आहे पाहा. लिनियस १७७८ साली वारला. त्याचा संग्रह एका तरुण इंग्रजाने, जेम्स एडवर्ड स्मिथने, १७८४ मध्ये विकत घेतला. आज तो लंडनच्या लिनियन सोसायटीत आहे. लिनियसच्या नावांचे नमुने ठरवण्याचा प्रकल्प लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात १९८१ मध्ये सुरू झाला आणि त्याचं जाडजूड पुस्तक आलं २००७ मध्ये. नऊ हजारांहून जास्त नावांचा हिशोब त्यात आहे. मराठीत ज्याला 'दप्तर लावणं' म्हणतात, ते हे काम.

आता दुधलाकडे येते. लिनियसने त्याला नाव दिलं लिओंटोडॉन टॅराक्सॅकम. १७८० मध्ये ते टॅराक्सॅकम ऑफिसिनाले झालं. ऑफिसिनाले म्हणजे औषधाच्या कोठीतलं. आपल्या भाषेत, अत्ताराच्या दुकानातलं. पण या फुलाचं एक वेगळेपण आहे. त्याच्या बहुतेक वाणांना बी धरायला परागाची गरजच लागत नाही. आईसारखीच हुबेहूब लेक, लेकीसारखीच नात. त्यामुळे कुठल्याशा एका डोंगरावरच्या दुधलात बारीकसा फरक पडला की तो फरक पिढ्यान् पिढ्या तसाच चालतो आणि अभ्यासक त्याला वेगळी जात म्हणून नाव देतात. अशा नोंदवलेल्या जातींची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली आहे. तुम्हाआम्हाला त्यांच्यात फरक दिसणार नाही. जाणकारांना पानांच्या दातांवरून दिसतो.

इतक्या जातींत 'ऑफिसिनाले' कोणती? १९८५ मध्ये ए. जे. रिचर्ड्स या ब्रिटिश अभ्यासकाने लिनियसच्या नावासाठी एक नमुना निवडला. तो नमुना निघाला उत्तरेकडच्या लॅपलँडच्या दुधलाचा. जाणकारांनी तो ओळखला आणि सांगितलं, ही तर थंड उत्तरेतली टॅराक्सॅकम कॅम्पिलोडेस नावाची वेगळीच जात. म्हणजे नियम काटेकोर पाळायचा तर शतकानुशतकं ज्या अंगणातल्या फुलाला सगळे ऑफिसिनाले म्हणत आले, त्याचा त्या नावावर हक्कच उरत नव्हता. १९८७ मध्ये या सर्वसामान्य दुधलांच्या गटाला नवं नाव द्यावं लागलं : रुडेरालिया. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पडझडीच्या, राड्यारोड्याच्या जागी उगवणारे. अत्ताराच्या कोठीतून थेट उकिरड्यावर! वनस्पतींच्या एका मोठ्या जागतिक यादीत तर अंगणातलं फूलही काही वर्षं कॅम्पिलोडेस या नावाखाली दिसत होतं.

२०११ मध्ये किर्शनर आणि श्टेपानेक या दोन चेक अभ्यासकांनी 'टॅक्सन' या नियतकालिकात या सगळ्या निवडीची फेरतपासणी केली आणि नवी निवड सुचवली. आज या साध्या दुधलांच्या गटाला पुन्हा टॅराक्सॅकम हेच नाव लावतात. राझी आणि इब्न सीनांचा शब्द हिंडून-फिरून ज्याचा त्याच्याकडे आला. मधल्या काळात फूल आपलं दर वसंतात उगवत होतं. त्याला यातलं काही कळलं नाही.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नियमांत स्वच्छ लिहिलं आहे की प्रमाण नमुना हा त्या जातीतला सर्वांत प्रातिनिधिक असलाच पाहिजे असं नाही. तो किडका असेल, अर्धवट असेल, फुलाशिवायचा असेल. त्याचं काम एवढंच, की नाव धरून ठेवायचं. बाकीची झाडं त्याच्यासारखीच दिसली पाहिजेत, अशी अट नाही. खुंटीला सदरा टांगतात म्हणून खुंटीच्या मापाने कुणी सदरा शिवत नाही.

माणसांच्या बाबतीत आपण नेमकं उलट करतो. एका प्रशिक्षण वर्गात शेजारी बसलेल्या बाई मला कौतुकाने म्हणाल्या, "तुम्ही मुस्लिम वाटतच नाही हो. मराठी किती छान बोलता!" त्यांच्या मनात कुठलासा एक नमुना चिकटवून ठेवलेला होता आणि मी त्याच्याशी जुळत नव्हते. जुळले असते तरी त्या नमुन्याचाच विजय झाला असता. कुठे काही घडलं की विचारतात, "तुमच्यात काय म्हणतात यावर?" या 'तुमच्यात'मध्ये कोकणातला खलाशी येतो, मालेगावचा यंत्रमागवाला येतो, मिरजेचा सतार बनवणारा येतो, मराठवाड्यात दखनी बोलणारी माझी आत्या येते. या सगळ्यांच्या वतीने चहाचा कप हातात धरून मी उत्तर द्यायचं असतं. आणि हे एकाच बाजूने होतं असंही नाही. मी मराठीत लिहिते म्हणून नात्यातल्या एका बाईंनी लग्नघरात मला ऐकवलं, "ये तो पूरी मराठी हो गई." त्यांच्याकडेही एक नमुना होताच, आमच्या बायांनी कसं असावं याचा.

मला त्या दोघींवर रागवायचं नाही. नमुना हातात असल्याशिवाय बोलताच येत नाही, ही आपल्या सगळ्यांचीच सवय. पण दोन हजारांवर दुधलं एका आडनावाखाली नांदतात आणि त्यातल्या एकालाही 'तू दुधल वाटत नाहीस' असं कुणी म्हणत नाही, हे वाचून मला बरं वाटलं खरं.

तरीही नमुना कोण निवडतं याला महत्त्व आहे, हे मला बाभळीने शिकवलं. बाभूळ आपल्या प्रत्येकाच्या बांधावर आहे. शाळेत आपण तिचं नाव शिकलो अॅकेशिया. हे नाव ग्रीक, इजिप्तच्या काटेरी झाडाचं. फिलिप मिलरने १७५४ मध्ये ते शास्त्रात आणलं आणि या आडनावाचा प्रमाण नमुना पुढे बाभूळच ठरली. पण या आडनावाखाली तेराशेच्या वर झाडं गोळा झाली आणि त्यातली हजाराच्या आसपास एकट्या ऑस्ट्रेलियात. डीएनएच्या अभ्यासानंतर कळलं की हे सगळं एक कुटुंब नाही, वाटणी करावी लागेल. वाटणीत आडनाव कुणाला? नियम सांगतो, नमुना ज्याच्याकडे त्याला. म्हणजे बाभळीला. मग ऑस्ट्रेलियातल्या हजार झाडांची नावं बदलली असती.

२००३ मध्ये प्रस्ताव आला की नमुनाच बदलावा, बाभळीऐवजी एक ऑस्ट्रेलियन झाड धरावं. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत मतदान झालं. जवळजवळ ५५ टक्के मतं बदलाच्या विरोधात पडली. पण समितीची शिफारस फेटाळायला ६० टक्के लागत होती. बदल कायम राहिला आणि २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब झालं. आफ्रिकेतल्या अनेकांना हे फार लागलं. आपली बाभूळ आता व्हॅशेलिया निलोटिका आहे आणि खैर सेनेगालिया कॅटेचू.

व्यवहार म्हणून पाहिलं तर कमी नावं बदलावी लागणं सोयीचंच. पण ज्याच्या नावाने आडनाव पडलं त्यानेच ते सोडायचं, ही वाटणी मला अजून पचलेली नाही. एवढं मात्र मान्य करायला हवं की जे झालं ते उघड झालं. प्रस्ताव छापला गेला, विरोध छापला गेला, मतं मोजली गेली. आज कुणाला तो वाद पुन्हा वाचायचा असेल तर वाचता येतो. नाव गेलं, पण कसं गेलं याची नोंद आहे.

आणि कागदच नष्ट झाला तर? तेही घडलं आहे. १ मार्च १९४३ च्या रात्री बर्लिनवर बॉम्ब पडले आणि तिथला प्रचंड वनस्पतिसंग्रह जळाला. असंख्य नावांचे प्रमाण नमुने त्यात होते. मग त्या वनस्पती बेवारस झाल्या का? नाही. त्याच फांदीची दुसरी जोड इतर संग्रहालयांत पाठवलेली असेल तर ती धरायची. तीही नसेल, मूळचं काहीच शिल्लक नसेल, तर नवा नमुना निवडायचा, नियमाप्रमाणे, कारण देऊन. त्याला निओटाइप म्हणतात. कागद जळाला म्हणून झाड नाहीसं झालं, असं कुणी म्हणालं नाही.

हे वाचताना मला २०१९-२० चा हिवाळा आठवला. त्या दिवसांत आमच्या शाळेत लोक आजोबांचे दाखले मागायला येत होते. कुणाकडे साल नव्हतं, कुणाकडे नीट आडनाव. जुन्या रजिस्टरांची पानं हात लावला की तुटत होती. साठ-पासष्ट वर्षांचे एक गृहस्थ दोन तास बाकावर बसून राहिले. वडिलांचं नाव 'अब्दुल' की 'अबदूल', यातल्या एका जोडाक्षराची त्यांना धास्ती होती. माणूस समोर बसलेला, त्याचे वडील याच गावच्या कब्रस्तानात, आणि तरी त्याला वाटत होतं की कागदाशिवाय आपण इथले ठरणार नाही. मी त्यांना चहा दिला, नोंद शोधून दिली. पण त्यांच्या चेहऱ्यावरची ती भीती मी विसरू शकत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ कागदाला जीवापाड जपतात, वाळवीपासून राखतात, पण त्यांना पक्कं ठाऊक असतं की कागद नावासाठी आहे. झाडाने उगवायला त्याची परवानगी लागत नाही. माणसांच्या दप्तरात हा फरक कधीकधी पुसट होतो.

जिथे वाळवलेली फांदी नव्हती, तिथे चित्रावरही भागवलं गेलं आहे. त्यातला एक दाखला तर आपल्या किनाऱ्याचा आहे. सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमहून त्याचे बारा खंड निघाले. माहिती दिली इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यांनी आणि रंगा भट, विनायक पंडित, आपू भट या तीन कोकणी वैद्यांनी. त्यांचं नागरी लिपीतलं प्रशस्तिपत्रक पहिल्या खंडात छापलेलं आहे. लिनियस कधी भारतात आला नाही. मलबारच्या कित्येक वनस्पतींना त्याने नावं दिली ती या ग्रंथातली चित्रं पाहून. म्हणून त्यातल्या बऱ्याच नावांचा प्रमाण नमुना आज कुठलीही फांदी नाही, ते चित्रच आहे.

आणि त्या चित्रांवर काय लिहिलं आहे? झाडाची नावं. रोमन अक्षरांत, मल्याळम लिपीत, अरबी लिपीत आणि नागरीत. मी इंटरनेटवर त्यातलं एक चित्र मोठं करून पाहिलं तेव्हा बराच वेळ बघतच राहिले. आयुष्यभर मी ज्या दोन वळणांची अक्षरं फळ्यावर लिहिली, एक उजवीकडून डावीकडे जाणारं आणि एक डावीकडून उजवीकडे येणारं, ती एका झाडाखाली शेजारी शेजारी उभी होती. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या तांब्याच्या ठशावर कुणालाही त्यातली एक लिपी उपरी वाटलेली नव्हती. झाडाला जो जसं हाक मारतो तसं लिहून घेतलं, इतकाच सरळ हिशोब. केरळचे के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची पस्तीसहून अधिक वर्षं या ग्रंथावर घालवली, त्यातल्या वनस्पती पुन्हा रानात जाऊन शोधल्या आणि २००३ मध्ये त्याचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर आलं. तेही दप्तर लावण्याचंच काम.

यंदा पावसाळ्यात मी मुलांना एक उपक्रम दिला. घराच्या, शाळेच्या आसपासचं एक रानफूल तोडायचं, एकच. जुन्या वर्तमानपत्रात आठ दिवस दाबून ठेवायचं, रोज कागद बदलायचा आणि मग जाड कागदावर लावायचं. कोपऱ्यात चिठ्ठी हवी. फुलाला घरात काय म्हणतात, शेजारी काय म्हणतात, कुठे मिळालं, कोणत्या तारखेला, कुणी तोडलं. चिठ्ठी नसेल तर गुण नाहीत, हे आधीच सांगितलं. तेरडा आला, केना आला, टाकळा आला, सोनकी आली. एका मुलाने आणलेल्या केन्याचं शास्त्रीय नाव मी फळ्यावर लिहिलं : कोमेलिना बेंघालेन्सिस, म्हणजे बंगालचा. "टीचर, ये तो हमारे मोरी के पास का है," तो म्हणाला. मी म्हटलं, नावात बंगाल आहे म्हणून ते काही तुझ्या मोरीवर उगवायचं थांबत नाही.

चिठ्ठ्यांमध्ये नावं लिहिताना वाद झालेच. एकाच पिवळ्या फुलाला तीन घरांत तीन नावं निघाली. कोणतं खोडायचं, असं मुलांनी विचारलं. मी सांगितलं, एकही नाही. तिन्ही लिहा, आणि प्रत्येकापुढे कुणी सांगितलं तेही लिहा. सातवीतल्या एका मुलीने चिठ्ठी दोन्ही लिप्यांत लिहिली. उजव्या बाजूने उर्दू, डाव्या बाजूने मराठी, मधे तारीख. तोडणाराचं नाव लिहायच्या जागी ती थांबली आणि मला विचारलं, "टीचर, मेरा नाम रजिस्टर वाला लिखूँ या घर वाला?"

मी म्हटलं, "आधी रजिस्टरमधलं लिही. त्याच्याखाली घरचं. जागा आहे."